सातबाऱ्यावर नाव, खात्यात हप्ता: फुकट खातंय कोण?

करवीरकर: आज एका मित्राची पोस्ट वाचली. 'आम्ही टॅक्स भरायचा आणि शिरोळ-हातकणंगलेच्या बंगलेवाल्या शेतकऱ्यांनी हप्ते मोजायचे. सगळी अनुदानं बंद करा.' डोकं फिरलं. अरे, पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि २०२३ पासून राज्याच्या नमो योजनेचे ६,०००. महिन्याला हजार रुपये. एवढ्यात बंगला बांधून दाखव भावा, वास्तुशांतीला मी जेवायला येतो! आयकर भरणाऱ्याला तर हा हप्ता नियमानंच नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशाला मिळते हे कबूल, पण वरचं अनुदान खत कंपनीला जातं. आणि एफआरपीला अनुदान म्हणणाऱ्यांना तर हात जोडतो. तो कारखान्यानं १४ दिवसांत द्यायचा उसाचा दर आहे.

राजारामपुरीवाला: पोस्ट माझीच. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला वीज माफ, ती सोयीस्कर विसरलास. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, तेही विसरलास. माझा पगार हातात यायच्या आधीच कापला जातो.

शिरोळकर: वीज माफ आहे, पण येती कवा? रात्री बाराला. तू ये की एकदा उसाला पाणी पाजायला, सापाची पण ओळख करून देतो. २०१९ चा पूर आठवतोय का? पोंग्यात, म्हणजे उसाच्या शेंड्यात, गाळ बसला, आख्खा ऊस उभ्या उभ्या कुजला. बाहेरनं हिरवा, दाबला की पाणी.

गगनबावड्याची सून: दादा, तुमचा ऊस बुडाला तरी पंचनाम्याला तुमचंच नाव असतं. आमची भात-नाचणीची जमीन चुलत सासऱ्यांच्या नावावर. ते मुंबईत. रोप लावायला मी, भांगलायला मी, गव्यांनी तुडवलं तर रडायला पण मी. हप्त्याचा मेसेज मात्र त्यांच्या फोनवर. गणपतीला आले की 'शेती परवडत नाही' म्हणून आम्हालाच सांगतात. फुकट खाणारा शोधायचाय ना? मग सातबाऱ्यावर कोण आणि चिखलात कोण ते आधी बघा.

करवीरकर: वहिनी, मुद्दा बरोबर. पण कसणाऱ्याचं नाव कागदावर आलं की कूळ लागेल, म्हणजे तो जमिनीवर हक्क सांगेल, ही धास्ती मालकाला असते. म्हणून तर सगळा वाटा तोंडी.

गगनबावड्याची सून: म्हणजे धास्ती त्यांची आणि तोटा माझा. छान!

शिरोळकर: दोन हजारांच्या हप्त्यावर काय भांडताय? आमच्याकडं तोडणीला टोळी आली की आधी खुशाली, म्हणजे मजुरीच्या वरचे पैसे. नाही दिली तर शेंड्याचं वाडं मोठं ठेवणार, फड अर्धा टाकून जाणार. वर ड्रायव्हरचे 'एन्ट्री'चे पैसे. एफआरपीतनं तोडणी-वाहतूक कापलेलीच असते, मग हे परत कशाचं?

ऊसतोड मुकादम, बीड: साहेब, पहाटे चारला थंडीत मोळ्या बांधून बघा. खुशाली दिसते, आमची आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही ते दिसत नाही. लेकरं पाचटात झोपतात.

शिरोळकर: कष्टाला नाव ठेवलं का मी? पण दर ठरलेला असताना अडवून घ्यायचं ही खंडणीच.

मुकादम: मग स्वतः तोडा. कोयता देतो.

शिरोळकर: तोंड सांभाळून बोल.

काटेवाला: खुशाली दिसते तुम्हाला, कारखान्याचा वजनकाटा दिसत नाही. बाहेर वजन करून नेलेली माझी ट्रॉली कारखान्यात हलकी भरली. विचारलं तर म्हणे वाटेत ऊस वाळला. दोन किलोमीटरच्या वाटेत!

राजारामपुरीवाला: बघा, तुमचे तुम्हीच एकमेकांना लुटताय आणि भरपाई माझ्या टॅक्समधून. तरी गगनबावड्याच्या ताईंपुरतं मान्य. कसतो त्याला द्या, माझी हरकत नाही. बंगलेवाल्याला द्यायचं नाही म्हणजे नाही.

करवीरकर: वा! उपकार झाले. तुझ्या वडिलांच्या नावावर कागलला पावणेदोन एकर आहे ना? ती कोण कसतंय?

राजारामपुरीवाला: तो घरचा विषय आहे. इथं काढायचं कारण नाही.

गगनबावड्याची सून: आमचा पण घरचाच होता.

शिरोळकर: ते असू दे. काटेवाले, बाहेरच्या काट्याची पावती आहे का तुमच्याकडं? आमच्या पण दोन ट्रॉल्या उद्या जायच्यात.