मदत हवी आहे: आईला सतत थकवा, कोणतं मिनरल कमी असेल?

बालाघाटी
आई दिवाळीपासून सारखी थकलेली आहे. भाकरी थापताना मध्येच बसते, दुपारी पडली की दिवेलागणीपर्यंत उठवत नाही. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. रिपोर्ट सगळे नॉर्मल. ओळखीतले एकजण म्हणाले, शरीरातल्या मिनरलचा तोल गेलाय, केसांची टेस्ट करा, कोणतं कमी कोणतं जास्त सगळं कळतं. साडेसात हजार सांगायलेत. आमच्याकडं बोअरचं पाणी आहे, त्याचाच परिणाम असणार असं मलाही वाटतं.
प्रश्न एवढाच: ती टेस्ट करावी का, आणि तोवर मॅग्नेशियम चालू करू का झिंक का दोन्ही? आज रात्री ऑर्डर टाकायचीय. "डॉक्टरला दाखवा" एवढंच लिहू नका, दाखवून झालंय.

उजवा कालवा
आईचं वय? नॉर्मल म्हणजे नेमकं काय काय तपासलं? आकडे टाका.

बालाघाटी
६१. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी, थायरॉइड, शुगर. हिमोग्लोबिन ११.२ आहे, पण आमच्याकडं सगळ्या बायकांचं तेवढंच असतं. मॅग्नेशियम का झिंक?

लॅबवाला परभणी
११.२ नॉर्मल नाही हो. बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं तो ॲनिमियाच. गल्लीत सगळ्यांचं तेवढं असेल तर सगळ्या गल्लीला ॲनिमिया आहे. फेरिटिन केलंय का? लोहाचा साठा त्यातून कळतो. बी १२ पण करा. आणि या वयात लोह कमी निघालं तर ते कुठून जातंय हेही बघावं लागतं: मूळव्याध, पोटातून रक्त, जे असेल ते.
केसांच्या टेस्टबद्दल: २००१ साली अमेरिकेत एकाच निरोगी माणसाचे केस सहा लॅबना पाठवले होते. सहा ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. शाम्पू, डाय, केस धुतलेलं पाणी, सगळं त्यात उतरतं. साडेसात हजार वाचवा.

शांत झोप
केसांची टेस्ट नको हे बरोबर, पण मॅग्नेशियम मात्र डोळे झाकून चालू करा. पोटऱ्यांत गोळे हे त्याचंच लक्षण. रक्तात बघून कळत नाही, कारण शरीरातलं एक टक्क्याहून कमी मॅग्नेशियम रक्तात असतं. १९९१ साली लॅन्सेटमध्ये जुनाट थकव्याच्या रुग्णांवर अभ्यास आला होता, मॅग्नेशियमची इंजेक्शनं दिल्यावर बऱ्याच जणांना फरक पडला. मी स्वतः रोज रात्री मॅग्नेशियम ग्लायसिनेटची गोळी घेते. घोड्यासारखी कामं करते.

लॅबवाला परभणी
ताई, त्या प्रयोगात ३२ माणसं होती. नंतर इतरांनी तपासलं तर अशा रुग्णांत मॅग्नेशियम कमी सापडलं नाही. तो एकच अभ्यास लोक अजून पुढं ढकलतात.

शांत झोप
माझा थकवा गेला तो अभ्यास वाचून गेला नाही, गोळी घेऊन गेला.

वावरातला माणूस
शेतकऱ्याचं ऐका. आमच्या रानात चुनखड आहे. जमिनीत लोह भरपूर, तरी ऊस अन् भुईमूग पिवळे पडतात, कारण चुनखडीत ते लोह पिकाला उचलता येत नाही. मग फेरस सल्फेट फवारावं लागतं. माणसाचं तसंच. ज्वारीत लोह आहे, पण दाण्यातलंच फायटेट नावाचं द्रव्य ते अडवतं, अन् वरून जेवण झालं की लगेच चहा. तो चहा तासभर मागं ढकला, भाकरीसोबत लिंबू पिळा. अन् परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी शक्ती' ज्वारी पेरा, २०१८ साली आलेली आहे, लोह अन् जस्त दोन्ही जास्त. कडबा पण बरा निघतो.

बालाघाटी
दादा, पेरणीला अजून वेळ आहे. मला आज काय द्यायचं ते सांगा.

जार सप्लाय
बोअरचं पाणी बंद करून आरओचं सुरू करा. क्षार हेच सगळ्या दुखण्याचं मूळ. आमच्या सोलर हीटरची कॉइल कापून दाखवतो, आत चुन्याचा थर बसलाय.

उजवा कालवा
कॉइलला थकवा येत नाही. जड पाण्यातून उलट थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळतं, आरओत ते निघून जातं. काळजी असलीच तर फ्लोराइडची करा, ते लिटरमागं १.५ मिलिग्रॅमच्या वर नको. किनवटकडं सांधे आखडलेली माणसं बघितली आहेत मी. लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा कुणी क्षार विचारले नव्हते, हेही आहेच.

अंथरूण
इथं "जुनाट थकवा" शब्द पडला म्हणून लिहितोय. तो वेगळा आजार आहे आणि मला तो आहे. सहा महिन्यांच्या वर चालतो, झोपून ताजंतवानं वाटत नाही, आणि थोडं जास्त काम केलं की दुसऱ्या दिवशी माणूस आडवा होतो. त्याचं निदान करणारी एकही मिनरल टेस्ट नाही. बाकीची कारणं तपासल्याशिवाय ते नाव लावत नाहीत. आईंचं अजून तिथपर्यंत आलेलं दिसत नाही. मला आतापर्यंत झिंक, सेलेनियम, शिलाजित सगळं सुचवून झालंय, धन्यवाद.

केजची सिस्टर
एवढी चर्चा झाली, औषधं कोणती चालू आहेत हे कुणीच विचारलं नाही?

बालाघाटी
काहीच चालू नाही. बीपीची गोळी आहे फक्त, ती तर सगळेच घेतात. आणि सकाळी ॲसिडिटीची कॅप्सूल, पण ते काय औषध नव्हे.

केजची सिस्टर
पाकिटावरची नावं जशीच्या तशी लिहा. आणि आई मीठ किती खातात, पाणी किती पितात?

बालाघाटी
आईला फोन करून विचारलं. टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन १२.५, एकाच गोळीत. कॅप्सूल पॅन्टोप्राझोल ४०, ती बरीच वर्षं. मीठ बीपीमुळं जवळजवळ बंद. पाणी सकाळी उपाशीपोटी दोन तांबे, व्हॉट्सॲपवर आलं होतं म्हणून. दिवसभराचं वेगळं. याचा काय संबंध?

केजची सिस्टर
भाऊ, सगळा संबंध इथंच असू शकतो. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम बाहेर काढतं. वयस्कर बायकांत यानं सोडियम घसरतं ते आम्ही वॉर्डात नेहमी बघतो. वरून मीठ बंद आणि पाण्याचा मारा, म्हणजे उरलंसुरलं पातळ. पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं घेतलं की मॅग्नेशियम उतरू शकतं, अमेरिकेच्या औषध खात्यानं २०११ मध्येच तसा इशारा दिलाय. मॅग्नेशियम कमी असलं की पोटॅशियम भरून येत नाही. त्याच कॅप्सूलनं बी १२ आणि लोहाचं शोषणही मंदावतं.
उद्या सकाळी सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि किडनीसाठी क्रिएटिनिन करा. उलट्या, असंबद्ध बडबड, झोपेत गुंगी असं काही दिसलं तर उद्याची वाट न बघता दवाखान्यात न्या. बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

लॅबवाला परभणी
सिस्टर बरोबर. लोक ८०-८० टेस्टचं पॅकेज घेतात, त्यात व्हिटॅमिन डी असतं, सोडियम कित्येकदा नसतं. इलेक्ट्रोलाइट म्हणून वेगळं मागा.

शांत झोप
म्हणजे मॅग्नेशियम कमी असणार हे मी पहिलंच म्हणाले होते.

जार सप्लाय
तोवर नारळपाणी द्या, आणि बाजारात कमी सोडियमवालं मीठ मिळतं ते वापरा. बीपीला चांगलं.

केजची सिस्टर
नका हो असं सांगू. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवतं. किडनी नीट नसेल तर तेच पोटॅशियम हृदयावर जातं. आणि सोडियम कमी आहे का अशी शंका असताना कमी सोडियमचं मीठ?

वावरातला माणूस
ताकात मीठ घालून द्या म्हणणार होतो. गप बसतो.

बालाघाटी
ऑर्डर टाकली नाही. अंबाजोगाईला स्वाराती या सरकारी दवाखान्यात नेलं. सोडियम १२७, पोटॅशियम ३.२, मॅग्नेशियम १.५, फेरिटिन ८, सगळंच कमी. बी १२ चा रिपोर्ट यायचाय. ठेवून घेतलं होतं, सोडियम हळूहळू वर आणायचं म्हणाले. बीपीची गोळी बदलली, कॅप्सूल बंद केली, पाणी मोजून. पोटॅशियम, मॅग्नेशियम दवाखान्यातूनच दिलं. लोहाची गोळी सुरू केलीय, शौचाची तपासणी सांगितलीय, गरज पडली तर दुर्बीण. पोटऱ्यांचे गोळे थांबलेत. थकवा आहे तसाच. आठवडा झाला की लोह सुरू करून, फरक का नाही?

लॅबवाला परभणी
आठवड्यात काय होणार? फेरिटिन ८ म्हणजे कणगी तळाला लागलीय. हिमोग्लोबिन चढायला काही आठवडे, साठा भरायला काही महिने. हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून गोळी सोडू नका. कॅल्शियमची गोळी असेल तर ती दुसऱ्या वेळेला.

बालाघाटी
कॅल्शियम आहे. ते पण सांगायचं होतं का?

केजची सिस्टर
भाऊ, पाकीट घ्या, उलटं करा, आतलं सगळं टेबलावर ओता आणि फोटो टाका.

नवीन सदस्य
नमस्कार. आमच्या बोअरचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, १४०० आहे. वडिलांना थकवा असतो. कोणतं मिनरल द्यावं?

उजवा कालवा
वडिलांचं वय?