सनद हातात असताना परदेशात पुन्हा पहिलीपासून परीक्षा का?

मुग्धा (धागाकर्ती)
भारतात नऊ वर्षं दिवाणी दावे चालवले. आता इंग्लंडमध्ये सॉलिसिटर (तिथला वकील) होण्यासाठी एसक्यूईचा, म्हणजे तिथल्या पात्रता परीक्षेचा, अभ्यास करतेय. पहिल्या टप्प्यात १८० प्रश्नांचे दोन पेपर, एकूण ३६० बहुपर्यायी प्रश्न. परदेशी वकिलाला दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट नाही, दुसऱ्या टप्प्यातून सूटही मागता येते, हे मान्य. पण पहिला टप्पा मला पूर्ण द्यायचाय, आणि त्यात करारभंगासारखे विषय आहेत जे मी कोर्टात उभं राहून लढवलेत. जे वेगळं आहे तेवढंच तपासा ना! नऊ वर्षांची किंमत शून्य धरणं हा अन्याय आहे.

जुना_वकील
मुग्धाताई, तुमची तळमळ कळते, पण 'करारभंग मला येतो' इथेच धोका आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात दिलेला मोबदला, तिसऱ्या माणसाने दिलं तरी चालतं. इंग्लिश कायद्यात ते वचन घेणाऱ्याकडूनच यावं लागतं. आता मुदत पाहा. साध्या करारभंगाच्या दाव्याला तिथे सहा वर्षं, आपल्याकडे तीन. उद्या तिकडचा वकील इथे येऊन सहाच्या भरवशावर निवांत राहिला, तर पक्षकाराचा दावा मुदतबाह्य झालाच म्हणून समजा. वकील फार तर माफी मागेल, पण पक्षकाराचे पैसे गेले ते गेले. जे सारखं दिसतं तिथेच माणूस पुस्तक उघडत नाही, म्हणून परीक्षा सगळ्याची हवी.

रेवा
कॅनडात मधला मार्ग आहे. परदेशात कायदा शिकलेल्यांची पात्रता तपासणारी तिथली एनसीए समिती प्रत्येकाची पदवी आणि अनुभव पाहून विषय ठरवते. प्रशासकीय कायदा, संविधान, फौजदारी, कॅनडाच्या कायद्याची मूलतत्त्वं आणि व्यावसायिक आचार हे पाच मात्र कुणालाच चुकत नाहीत. मी ते दिले, तक्रार नाही. मला खरं रडवलं ते पुढच्या उमेदवारीने, म्हणजे तिथल्या वकिलाच्या हाताखाली काम शिकण्याची जागा मिळवण्याने. आठ महिने अर्ज करत होते. मुलाखतीत एकच प्रश्न, 'इथला अनुभव?' परीक्षेवर वाद घालताना हे दार कुणी पाहतच नाही.

सुहास
युरोपीय संघात १९९८ च्या निर्देशानुसार एका सदस्य देशाचा वकील दुसऱ्या देशात आपल्या मूळ पदनामाने काम करू शकतो. तिथल्या कायद्यात तीन वर्षं नियमित काम केलं की परीक्षेशिवाय तिथल्या वकिलांत सामील होता येतं. म्हणजे इच्छा असली की जमतं. पक्षकाराचं हित हे कारण प्रत्येक वेळी खरं नसतं. १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीच्या लॉ सोसायटीने, म्हणजे वकिलांच्या संघटनेने, गांधींच्या वकिलीतल्या प्रवेशाला विरोध केला होता, आणि ते तर लंडनमधून बॅरिस्टर झालेले!

जुना_वकील
सुहास, तो विरोध रंगावरून होता. गांधींची पात्रता पुरी होती, आणि कोर्टाने त्यांना प्रवेश दिलाच. आणि युरोपातही ती तीन वर्षं तिथल्याच कायद्यात काम करावं लागतं, ते कसं विसरता? रेवाताईंचं मात्र पटतं. परीक्षा पास झालेल्याला उमेदवारी नाकारायला सबब उरता कामा नये.

मुग्धा
प्रतिफलाचा तोच फरक काल सराव पेपरात आला आणि मी चुकले. काका, त्या एका प्रश्नापुरतं तुमचं बरोबर. मग असेच फरकाचे प्रश्न काढा, दोनशे काढा, मी देते. अर्ज, मुदत, पुरावा हे ज्या वकिलाने रोज हाताळलंय, त्याची परीक्षा नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलासारखी घेऊ नका, यावर मी अजूनही ठाम आहे.