विट्रेक्टमी झालेल्या डोळ्याचा मोतीबिंदू : शस्त्रक्रिया कुठे करावी, मार्गदर्शन हवे आहे

माझ्या आईचे वय ६३ आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला, तेव्हा पुण्यात विट्रेक्टमी (डोळ्यातील जेली काढण्याची शस्त्रक्रिया) करून डोळ्यात सिलिकॉन तेल भरले होते आणि पाच महिन्यांनी ते काढले. पडदा तेव्हापासून जागेवर आहे. आता मात्र त्याच डोळ्यातील मोतीबिंदू इतका वाढला आहे की त्या डोळ्याने तिला समोरच्याचा चेहरा ओळखता येत नाही, आणि जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकतो.

मोतीबिंदू झाल्याची तक्रार नाही. पन्नाशीनंतर विट्रेक्टमी झालेल्या बहुतेकांना तो होतो, हे आम्हाला आधीच सांगितले होते. डोळ्यातील जेली काढल्यावर भिंगापाशी प्राणवायू जास्त पोहोचतो आणि भिंगाचा गाभा लवकर कडक होतो, असे त्याचे कारण मानले जाते.

अडचण अशी आहे की आमच्या जिल्ह्याच्या गावातील नेत्रतज्ज्ञ ही नेहमीसारखीच फेको (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याची) शस्त्रक्रिया असल्याचे सांगतात, तर पुण्यातील पडद्याचे डॉक्टर तसे मानत नाहीत. त्यांच्या म्हणण्यानुसार मागे जेलीचा आधार नसल्यामुळे द्रव आत सोडताच भिंग आणि बुबुळ एकदम मागे जाते, बाहुली ताणली जाते आणि रुग्णाला दुखते. म्हणून द्रवाची बाटली खाली ठेवून सावकाश काम करावे लागते. शिवाय पहिल्या शस्त्रक्रियेत भिंगाच्या मागच्या पिशवीला नकळत इजा झाली असेल आणि ती आता फाटली, तर भिंगाचे तुकडे थेट पडद्यापर्यंत खाली जातात, आणि ते काढायला पडद्याचाच सर्जन लागतो. मला हे म्हणणे पटते. परंतु पुण्याला जायला आम्हाला पाच तास लागतात, आणि नंतरच्या तपासण्यांसाठी आईला पुन्हा पुन्हा तो प्रवास झेपेल का, याची फार काळजी वाटते.

मोतीबिंदू काढल्यावर बसवायच्या कृत्रिम भिंगाबद्दलही विचारायचे आहे. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्याभोवती पट्टाही बसवला होता. त्याने डोळ्याची लांबी वाढते, म्हणून जुन्या मोजमापावर भिंगाचा नंबर न काढता नव्याने मोजणी करून घ्यावी, एवढे मला कळले आहे. गावातील दवाखान्यात मल्टिफोकल (जवळचे आणि लांबचे दोन्ही दिसण्यासाठीचे) भिंग सुचवले आहे. पण पडदा सुटला तेव्हा त्याच्या मध्यबिंदूचा, म्हणजे बारीक नजरेचा भागही सुटला होता, त्यामुळे साधे एकाच अंतराचे भिंग बरे, असे मला वाटते. हे योग्य आहे का?

आपल्यापैकी कोणाच्या घरी अशा डोळ्याची मोतीबिंदू शस्त्रक्रिया झाली असेल, तर ती पडद्याचे सर्जन हजर असलेल्या ठिकाणी केली होती का, शस्त्रक्रियेपूर्वी ओसीटी (पडद्याच्या थरांची प्रकाशाने केलेली तपासणी) आणि डोळ्याची सोनोग्राफी दोन्ही केल्या होत्या का, आणि नंतर पडद्याला सूज आली का, हे कृपया लिहावे. शस्त्रक्रिया पुण्यात करून नंतरच्या साध्या तपासण्या गावात करण्याची सोय कोणी डॉक्टरांशी बोलून लावून घेतली असेल, तर तेही सांगावे. पुढच्या आठवड्यात आम्हाला तारीख निश्चित करायची आहे.