कमी खर्चाची उन्हाळी भटकंती: तंबू घ्यावा की गाडीतच झोपावं?

खडखडगाडी
पैसे वाचवायचे असतील तर तंबूच्या भानगडीत पडू नका. मागची सीट पाडा, पुढच्या सीट पुढे सरकवा, मधल्या खाचेत कपड्यांच्या पिशव्या कोंबा आणि वर फोम टाका. दोघांची सोय झाली. छप्पर आणि कुलूप आयतं आहेच. फक्त निघण्याआधी एक रात्र दारातच गाडीत झोपून बघा. पाय कुठे अडतात ते तेव्हाच कळतं.

गारवा
असहमत. काचा बंद ठेवल्या तर गाडीत उकडतं आणि पहाटे श्वासाची वाफ काचांवरून ओघळते. उघड्या ठेवल्या तर डास. मग लोक एसीसाठी इंजिन चालू ठेवतात. उभी गाडी तासाला पाऊण-एक लिटर इंधन सहज पिते, म्हणजे आठ तासांत सहा-आठ लिटर. शिवाय धुराड्याचं तोंड बांधाला टेकलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नसतो, जाग येईलच असं नाही.
तंबू दुहेरी घ्या, आतला जाळीचा. आणि 'दोन माणसांचा' म्हणजे खांद्याला खांदा लावून दोघं, सामान बाहेर. दोघांना तिघांचा लागतो.

खडखडगाडी
इंजिन चालू ठेवून झोपा असं म्हटलंय कुणी? समोरासमोरच्या दोन काचा तीन बोटं खाली घ्या. मच्छरदाणीची पिशवी शिवून दाराच्या वरच्या भागावर मोज्यासारखी चढवा आणि दार लावून घ्या. हवा वाहती राहते, वाफ धरत नाही. तुमच्या तंबूची मात्र सकाळी सातलाच भट्टी होते, त्याचं काय?

गारवा
तो जागा निवडण्यातला घोळ. संध्याकाळची सावली बघून तंबू ठोकतात आणि सकाळी भाजून निघतात. झाड किंवा टेकडी पूर्वेला हवी. झाडाखाली असाल तर वर वाळकी फांदी नाही ना, ते बघा. कोरड्या ओढ्याची सपाट वाळू कितीही मोहाची वाटली तरी तिथे नको. पाऊस वर डोंगरात कुठेतरी पडतो आणि लोंढा इथे येतो.
मेख उभी ठोकू नका, डोकं तंबूपासून लांब कललेलं हवं. भुसभुशीत वाळूत मेख धरतच नाही. तिथे पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधा आणि हातभर खोल पुरा.

वजनकाटा
दोघंही चुकीच्या खिशात हात घालताय. पैसा झोपण्यात नाही, इंधनात जातो. लिटरला १५ किलोमीटर धरले तर १५०० किलोमीटरला १०० लिटर आणि ६०० ला ४०. रोज नवा मुक्काम करण्याऐवजी दोनच जागा निवडा.
टपावरची पेटी आधी उतरवा. हायवेच्या वेगात ती १० ते २५ टक्के इंधन जास्त खाते, कारण वारा. वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा त्याच्या वर्गाने वाढतो. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना भरा, भरलेल्या गाडीसाठी दाराच्या चौकटीवर जो आकडा दिलाय तेवढीच. दुपारी आकडा वाढलेला दिसला म्हणून काढू नका, रात्री टायर बसतो.

रानवाट
हिशोब बरोबर, पण उन्हाळा विसरलात. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. दीड हजार मीटर वर गेलात की सपाटीवरच्या ३८ चे २८ होतात. त्यासाठी दोनशे किलोमीटर जास्त पडले तरी परवडले, नाहीतर दुपार काढायला खोली घ्यावी लागते आणि वाचवलेलं सगळं तिथेच जातं. उतरताना मात्र खालचा गिअर. सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात आणि नेमके वळणावर धरत नाहीत.
पाणी माणशी रोज चार लिटर, पिणं आणि स्वयंपाक मिळून. धुणं वेगळं.

वजनकाटा
दोघांना तीन दिवसांचे २४ लिटर म्हणजे २४ किलो. त्यावर लोक खाणं गार ठेवायला बर्फाचं ओझंही नेतात, ते कशाला?

रानवाट
बर्फ वेगळा नेतंय कोण? त्याच पाण्यातल्या चार बाटल्या गोठवून घ्या, वर थोडी जागा सोडून, नाहीतर फुटतात. बर्फाचा चुरा लवकर वितळतो, अखंड लादी टिकते. खाणं गार ठेवायची पेटी आदल्या रात्रीच थंड करून ठेवा. वितळलं की प्या. आणि एकच मोठा कॅन नको, पाच-पाच लिटरचे घ्या. एक गळला तर चार उरतात.

गारवा
स्वयंपाकाच्या गॅसच्या डब्याचं कुणीच बोललं नाही. त्यावर ५० अंशांच्या वर ठेवू नका असं छापलेलं असतं आणि उन्हात बंद गाडी तो आकडा सहज ओलांडते. खडखडगाडी, तुमच्या त्या आयत्या कुलपाच्या खोलीत दुपारी तो कुठे ठेवता?

खडखडगाडी
गाडीखाली, सावलीत. हा मुद्दा मान्य. पण मग गाडी हलवण्याआधी तो काढायचा, हे चावीला चिठ्ठी बांधून लिहून ठेवा. तंबू तरीही घेणार नाही.