अनुभव धागा: तरोटा, सात्या, मोह, काटवल... विदर्भाच्या रानातून तुम्ही काय वेचून आणता?

पांदणवाट (जि. वर्धा)

ऑगस्टात जिल्ह्याच्या ठिकाणी रानभाजी महोत्सव भरतो. टेबलावर वाट्या, पुढं नावांच्या चिठ्ठ्या, फोटोला साहेब. त्यात वाईट काही नाही, चार लोकांना नावं तरी कळतात. पण ती भाजी कोणत्या पावसानंतर निघते, किती दिवस कोवळी राहते आणि तिच्यासारखं दिसणारं काय सोडून द्यायचं, हे चिठ्ठीवर नसतं. ज्या बाईला ते ठाऊक आहे ती त्या दिवशी कुणाच्या तरी वावरात निंदायला गेलेली असते.

म्हणून इथं विचारते. तुम्ही स्वतः रानातून, धुऱ्यावरून, नाल्याकाठून काय आणता? कुणी शिकवलं? घरात कसं रांधता? आता काय दिसेनासं झालंय? चार ओळी लिहिल्या तरी चालतील. फक्त फोटो टाकून "हे खाऊ का" असं विचारू नका, फोटोवरून कुणी सांगूही नये. आणि नेमकी जागा लिहू नका. तिथं आधीपासून कुणीतरी वेचत असतं.

सुरुवात माझ्यापासून, तरोट्यानं. देशावर टाकळा म्हणतात तो. मृगाचे पाऊस झाले की पांदणीच्या दोन्ही अंगांनी दाटतो. रोप वीतभर असेपर्यंतच भाजीचं, पुढं पान जून आणि वास उग्र. सासूबाईंनी दाखवलेली खूण अशी: एका काडीवर पानांच्या तीन जोड्या, पान टोकाशी गोल, शेवटची जोडी सगळ्यांत मोठी. त्याच पांदणीत कासिंदाही उगवतो. त्याच्या जोड्या जास्त, पान टोकदार, चुरगाळलं की घाण वास. त्याच्या बिया तर विषारीच, लहान पोरांना त्या झाडाजवळ खेळू देऊ नये. संध्याकाळी तरोट्याची पानं मिटतात, तेव्हा खुडायला सकाळीच जावं. उकडून घट्ट पिळायची, मग तेलात लसूण, सुकी मिरची आणि भिजवलेली चणाडाळ. पिळताना आळस केला की कडसरपणा राहतो.

वारूळवाला (जि. भंडारा)

आमच्या झाडीपट्टीत सात्या, म्हणजे वारुळावरची अळिंबी. तुमच्याकडे टेकोडे म्हणत असतील. पाऊस, मग दोन दिवस कडक ऊन, मग उमस, की वारुळाच्या अंगाखांद्यावर फुटतात. गावात म्हणतात ढग गरजले की सात्या निघतात. पण खरी खटपट जमिनीखाली चालते. उधई (वाळवी) वारुळात बुरशीची बाग राखते आणि सात्या हे त्या बागेचं फळ. म्हणूनच धिंगरी अळिंबीसारख्या त्या पिशवीत पिकवता येत नाहीत. वारूळ खणून सपाट केलं की त्या जागेची सात्या कायमची गेली.

आबाजी टोपली आधी अंगणात उलटी करायचे. प्रत्येक देठ पाहायचे: खाली मुळासारखा लांब, जमिनीत खोल गेलेला असला तरच आत. छत्री उघडायच्या आधीची कळी सगळ्यांत चवदार. लसूण काळा पडला तर विषारी, चांदी काळी पडली तर विषारी, किड्यांनी खाल्लं असेल तर चांगलं, असल्या चाचण्यांवर कृपा करून विसंबू नका. विषारी अळिंबीत लसूण पांढराफेक राहू शकतो. ज्यानं वर्षानुवर्षं त्याच वारुळावरून आणून खाल्ली आहे त्याच्याबरोबर जा, नाहीतर जाऊ नका.

जागेबद्दल पांदणवाटताई म्हणतात ते बरोबर. चुलतभावानं वाटणीत मला धानाची बांधी सोडली, पण त्याच्या वारुळाची जागा अजून सांगितली नाही.

मोहाखालची (जि. गडचिरोली)

मी धानोरा तालुक्यातली. मार्च लागला की आमच्या घरात झोप कमी. मोह पहाटे गळायला लागतो आणि ऊन चढेपर्यंत टपटपत राहतो. उशीर केला तर बकऱ्या, चितळं, अस्वल यांनी आपला वाटा नेलेला असतो. झाड जंगलातलं असलं तरी कोणतं कुणाच्या घरचं हे गावाला पाठ. दुसऱ्याच्या मोहाखाली कुणी वाकत नाही. माझ्या नणंदेला लग्नानंतरही माहेरचं एक झाड आहे, ती हंगामात त्याच्यासाठी येते.

आधी झाडाखालचा पालापाचोळा पेटवून द्यायची पद्धत होती, म्हणजे पिवळं फूल काळ्या जमिनीवर ठळक दिसतं. पण आग तिथं थांबत नाही, रानात शिरते. चाराची (चारोळीच्या झाडाची) रोपं, बांबूचे कोंब सगळं जातं. ग्रामसभेत यावर पुष्कळ भांडणं झाली. शेवटी ठरलं की जाळायचं नाही, खराट्यानं झाडायचं आणि जुनी लुगडी किंवा जाळी अंथरायची. म्हाताऱ्या कुरकुरल्या. लुगड्यावरचं फूल मातीशिवाय निघतं आणि व्यापारी त्याला कचरा म्हणून वजन कापत नाही, हे दिसल्यावर कुरकुर संपली.

मोह म्हटलं की बाहेरच्या माणसाला दारूच सुचते. आमचा जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा, आणि देवाला मोहाची धार लागते, हे दोन्ही खरं आहे. त्यावर इथं वाद नको. खाण्याचं सांगते. वाळलेलं फूल मनुक्यासारखं होतं. आतली पुंकेसरं झाडून टाकायची, तव्यावर भाजायचं, भाजलेल्या तिळाबरोबर उखळात कुटायचं. गूळ लागत नाही, फुलातच इतकी साखर असते. फूल शिजवून रस आटवला की राब होतो, भाकरीशी खातात. मे-जूनमध्ये टोळ्या (मोहाच्या बिया) वेचायच्या, त्यांचं तेल काढायचं. थंडीत ते तुपासारखं गोठतं.

पैशाचं तेवढंच महत्त्वाचं. उन्हाळ्यात नड असते, व्यापारी ओट्यावर येऊन सांगेल त्या भावानं मोह नेतो आणि पावसाळ्यात तोच मोह चढ्या भावानं गावात विकतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी गावाकडे दिली. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा आजूबाजूच्या गावांना कागद कसा भरायचा ते कळलं. आता आमच्या ग्रामसभेत थोडा मोह साठवून ठेवायचा विचार चालू आहे. कोठाराला कोरडी जागा हवी, नाहीतर बुरशी धरते. तिथंच घोडं अडलंय.

आणि वाघ. पहाटे वाकून वेचणारी बाई आणि वाघ, दोघांची वेळ एकच. चंद्रपूर-गडचिरोलीत दर उन्हाळ्यात मोह नाहीतर तेंदूला (विडीच्या पानाला) गेलेल्या बायांच्या बातम्या येतात. आता आम्ही उजाडल्याशिवाय निघत नाही, घोळक्यानं जातो, मोठ्यानं बोलत जातो. म्हणजे अर्धी फुलं जनावरांना सोडली. सोडली तर सोडली.

वावरातला (जि. यवतमाळ)

काय रानभाजी घेऊन बसले राजेहो! आमच्याइकडं कपाशीत पाऊस पडला का तणनाशक. मीबी मारतो, दुसऱ्याचं काय सांगू. निंदाले बाया भेटत नाही, भेटल्या तर मजुरी परवडत नाही. केना, घोळ, काटेमाठ, पाथरी सारं जयते त्याच्यात. पह्यले निंदणाऱ्या बाया संध्याकाळी ओटीत भाजी घेऊन घरी जात. आता मजुरीबी गेली अन् भाजीबी गेली.

एक ध्यानात ठेवा. फवारा मारल्यावर तण लगेच पिवळं पडत नाही, चार-सहा दिवस हिरवंगार दिसते. पान पाहून वयखू येत नाही. वावरवाल्याले इचारल्याबिगर कोणाच्या धुऱ्यावरून भाजी खुडू नोका.

पांदणवाट

भाऊ, ही सूचना धाग्याच्या माथ्यावर हवी होती. जंगल तुटल्याचं सगळे बोलतात, पण आमच्या ताटातून आधी गेली ती वावरातली पालेभाजी. ती जंगलातून येतच नव्हती. नांगरलेल्या जमिनीची आणि निंदणाऱ्या हाताची भाजी होती.

खोऱ्यातला मास्तर (मेळघाट)

मी मूळचा सपाटीवरचा, नोकरीनं इकडं आलो. कोरकू घरांत पावसाळ्यात धान्य संपत आलं की कंद निघतात. एक कडू कांदा (वेलाचा कंद) आहे, तो तसाच खाल्ला तर घसा खवखवतो, उलट्या होतात. पातळ काप करून उकडतात, मग टोपलीत भरून टोपली रात्रभर वाहत्या नाल्यात दगडाखाली दाबून ठेवतात. सकाळी एक काप जिभेवर ठेवून बघतात. कडू लागला तर पुन्हा पाण्यात. मी घाई करून "झालं असेल की" म्हटलं तर घरातली म्हातारी नुसती हसली.

खणणं पाहण्यासारखं असतं. वेलाची वाळकी काडी धरून खाली जायचं, कंद काढायचा आणि वरचा डोळ्याचा तुकडा परत त्याच खड्ड्यात ठेवून माती लोटायची. पुढच्या पावसाळ्यात वेल तिथंच. हे कुणी "संवर्धन" म्हणून करत नाही. पुढच्या वर्षी परत यायचं असतं, एवढंच.

व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली काही गावं उठवून अकोट तालुक्यात सपाटीवर वसवली. माझे दोन जुने विद्यार्थी तिकडं आहेत. दवाखाना, रस्ता जवळ आला, ते मान्यच. पण भेटले की त्यांच्या आया पहिलं विचारतात, यंदा कांदा निघाला का.

काटवलवेडा (उमरेडकडचा)

काटवलाचा (तुमच्या कर्टुलीचा) एक धडा. आमच्या कुंपणावर वेल होता, फुलं भरपूर, फळ एकही नाही. शेजारच्या मावशीनं फूल हातात घेऊन सांगितलं, हा नर वेल आहे. मादी वेलाच्या फुलाच्या बुडाशी इवलंसं काटेरी काटवल आधीच दिसतं, नराला ते नसतं. दोन्ही जवळपास हवेत. जमिनीत गड्डा असतो, वेल वाळला तरी तो जिवंत राहतो आणि पहिल्या पावसाला परत फुटतो. म्हणून काटवल तोडा, वेल ओढू नका. जुलैत बाजारात काटवलाचा भाव चिकनला मागं टाकतो, त्यामुळं ओढणारे वाढलेत.

गोडंबी (जि. वाशीम)

तुम्ही हिवाळ्यात लाडवात घालता ती गोडंबी बिब्यातून निघते. बिब्याचं टरफल फोडताना चीक उडतो, बोटं काळी पडतात, फोड येतात. बाया राख लावून, हाताला तेल चोपडून फोडतात, तरी उततंच. एवढंच सांगायचं होतं. भाव करताना आठवा.

सुटीतला नागपूरकर (सध्या पुणे)

सगळं वाचून भारावलो. आम्ही काही मित्र पावसाळ्यात गडचिरोलीकडे येऊन दोन दिवस रानभाज्या शोधायला फिरलो तर चालेल का? स्क्रीनपासून दूर, निसर्गाशी परत जोडलं जावं, असं फार वाटतंय.

मोहाखालची

या की दादा, पाहुणे आले तर आनंदच. पण शोधायला नको. तुम्ही दहा जण एका नाल्यात उतरलात तर तिथं जाणाऱ्या बाईची त्या आठवड्याची भाजी गेली, आणि तुमची ती फेकली जाणार, कारण शिजवायची कशी ते माहीत नाही. आठवडी बाजारात या. कडेला जमिनीवर फडकं टाकून बसलेल्या बायांकडे पळसाच्या पानावर वाटे लावलेले असतात. भाव न पाडता घ्या, कसं रांधायचं ते विचारा, आवडीनं सांगतात. ओळख झाली की त्याच म्हणतील, उद्या येतोस का बरोबर. मग एकट्यानं जा, आणि तिची टोपली तुम्ही धरा.

टेंभरू (जि. चंद्रपूर)

मी तेंदूचं लिहितो. मेमध्ये सत्तर पानांचा पुडा बांधायला सगळं घर बसतं, पैसा हातात येतो, तो नाकारता येत नाही. पण चांगलं पान यावं म्हणून झुडपं छाटतात, कुठं आग लावतात, आणि मग टेंभरं (तेंदूची फळं) धरतच नाहीत. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, बांबूवर भर दिला. टेंभरं माणसांना, पाखरांना राहू दिली. सगळ्या गावांना हे जमणार नाही, बांबू नसलेल्या गावानं काय करायचं? आमच्याकडे बांबू नाही. आम्ही तेंदू तोडतो आणि टेंभरासाठी नाल्याकाठची मोठी झाडं छाटायची नाहीत एवढं पाळतो.

चाराचं मात्र कुणालाच पाळता येईना. पिकायच्या आधीच फांदीसकट तोडतात, "मी नाही तोडलं तर दुसरा तोडेल" म्हणून. चारोळीचा भाव कळल्यापासून हे सुरू झालं. पोरांना पिकलेलं काळं चार खायला मिळत नाही.

काटवलवेडा

वास्त्यांचं (बांबूच्या कोवळ्या कोंबांचं) कुणी लिहिलं नाही. बायकोनं बाजारातून आणलेत, पाणी किती वेळा टाकायचं?

मोहाखालची

सालं काढून बारीक चिरा, रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी ते पाणी फेका, नवीन पाण्यात चांगले उकळा, तेही फेका. झाकण ठेवू नका. अजून कडू लागले तर आणखी एक उकळी. मग डाळीत घाला, तिखट जरा जास्त. कच्चे वास्ते पोरांना चघळायला देऊ नका.