अर्ली ॲक्सेस वॉरगेम: बग किती दिवस सोसायचे?

तोफखाना_नगर:
मंडळी, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनी-रशिया आघाडीवरचा एक नवा हेक्सवाला (षटकोनी घरांच्या नकाशाचा) गेम अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अजून अर्धाकच्चा असतानाच, घेतलाय. नाव मुद्दाम देत नाही, बनवणारे मोजकेच लोक आहेत, उगाच कोणी तुटून पडायला नको. जर्मनांच्या बाजूने जून १९४१ ची मोठी कॅम्पेन (अख्खी मोहीम) लावली. स्मोलेन्स्क घेईपर्यंत धमाल होती, मग रसद आटली. नकाशावर रेल्वे ढळढळीत दिसतेय, पण मिन्स्कपुढे इंधनाचा थेंब पोचत नाही. ऑक्टोबर लागल्यापासून रणगाडे टर्नला एकच हेक्स सरकतात. आणि काल कहर झाला. कीवजवळ वेढलेली रशियन डिव्हिजन अचानक गायब होऊन मुर्मान्स्कला उगवली, तेव्हापासून सेव्ह उघडलं की गेम बंद पडतो. जिथून घेतला त्या स्टीम स्टोअरच्या रिफंडची दोन तासांची मर्यादा केव्हाच उलटली. धीर धरू की नाद सोडू?

सरळसोट:
सोडा. पैसेही आपण द्यायचे आणि टेस्टिंगही आपणच करायचं? ‘इम्पेरेटर: रोम’ हा गेम आठवा. २०१९ ला आला, लोकांनी कळ काढली, २०२१ ला २.० व्हर्जन आल्यावर कुठे गेम रंगात आला, तर त्याच वर्षी टीम दुसऱ्या कामांवर हलवली.

कुर्डुवाडी_जंक्शन:
तोफखानासाहेब, तुमची पहिली तक्रार बहुतेक बग नाहीच. सोव्हिएत गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १५२४ मिमी, जर्मन १४३५. नकाशावर दिसतेय ती रशियन लाइन, तिच्यावर तुमची गाडी कशी धावेल? गेज बदललेल्या मार्गाला वेगळा रंग दिलाय का बघा, आणि रेल्वेची दुरुस्ती पथकं एकाच मार्गावर लावा.

रेल्वेत जन्म गेला म्हणून जरा लांबण लावतो. एक रूळ आत सरकवून ठोकणं हे त्यातल्या त्यात सोपं काम. खरी गोची पाण्याची. रशियन इंजिनं भरपूर पाणी घेऊन निघायची, त्यामुळे त्यांची पाणी भरायची ठाणी लांब लांब. जर्मन इंजिनाला तेवढा पल्ला झेपेना, मग मध्ये नव्या टाक्या बांधणं आलं. वर थंडीत बाहेरून गेलेले पाइप फुटायचे ते वेगळंच. आमची बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिमीची १६७६ करायला शांततेच्या काळात वर्षं गेली, आणि तुम्ही दसऱ्याला मॉस्कोत सोनं वाटायला निघालात!

ऑक्टोबरमध्ये रणगाडे रखडतात तो चिखलही अस्सल आहे, त्याला नावं ठेवू नका.

मुर्मान्स्कची डिव्हिजन मात्र शंभर टक्के बग, आणि सेव्ह मरणं तर सगळ्यात वाईट. डिव्हिजन उडाली त्याच्या आधीच्या टर्नचं ऑटोसेव्ह शोधा, व्हर्जन नंबर लिहा, शेवटी काय दाबलं ते लिहा आणि पाठवा. ‘गेम गंडलाय’ एवढंच कळवलं तर ते बिचारे काय शोधणार? तेच सेव्ह त्यांच्या मशीनवर उघडून टर्न संपवला आणि डिव्हिजन तिथेही उडाली, तर चूक हाती लागते. आणि असल्या कच्च्या गेममध्ये मोठी कॅम्पेन लावूच नये. पुढच्या पॅचला (दुरुस्तीच्या अपडेटला) जुनं सेव्ह चालेल याची खात्री नसते. लहान सिनॅरिओ खेळा, टर्नगणिक वेगळ्या नावानं सेव्ह करा.

धीर किती धरायचा ते मी पॅच नोट्स वाचून ठरवतो. ‘रसदीचा हिशेब दुरुस्त केला, त्यात हवाई पुरवठा बिघडला, बघतोय’ असं लिहिणाऱ्यासाठी मी वर्षभर थांबेन. सेव्ह मरत असताना सेनापतींचे नवे फोटो टाकणाऱ्यासाठी आठवडाही नाही. @सरळसोट, ‘रोम २’ हा गेम पण २०१३ ला रडतखडतच आला होता. पॅचवर पॅच आले आणि २०१४ ला जुन्या गिऱ्हाइकांना सुधारलेली एम्परर एडिशन फुकट मिळाली.

सरळसोट:
ती मोठी कंपनी होती. इथे मोजक्या माणसांपैकी एकाला नोकरी लागली की संपलं.

कुर्डुवाडी_जंक्शन:
खरंय. म्हणून पुढे काय येणार आहे त्यावर पैसे लावायचे नाहीत, आज जेवढा चालतोय तेवढ्यावरच.

तोफखाना_नगर:
रंग सापडला! बदललेली लाइन सरहद्दीवरच्या ब्रेस्टच्या जरा पुढे संपते. पण हे कळावं कसं? मॅन्युअलमध्ये ‘रेल्वे’ या प्रकरणाखाली फक्त ‘लवकरच’ एवढंच आहे.

कुर्डुवाडी_जंक्शन:
मग तोही बग म्हणूनच कळवा. सेव्ह पाठवलंत का?

तोफखाना_नगर:
आत्ताच पाठवलं, व्हर्जन नंबरासकट. उत्तर आलं की इथे टाकतो.