वर्गणी क्यूआर कोडवर आली आणि घरभेटी थांबल्या: क्लास मीटिंग पुन्हा सुरू करावी का?

प्रश्न (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीचा सभासद, पुणे)

सर्वांना प्रभूच्या नावाने सप्रेम सलाम.

आमची मराठी मेथडिस्ट मंडळी सुमारे नव्वद कुटुंबांची आहे. रविवारची उपासना वेळेवर सुरू होते, गायन चांगले असते, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होते, उपवासकाळात दर बुधवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते आणि नाताळात तरुण मुले-मुली घरोघर कॅरल गायला जातात. बाहेरून पाहणाऱ्याला या मंडळीत काही उणे आहे असे वाटणार नाही; मलाही गेल्या पावसाळ्यापर्यंत वाटत नव्हते.

ऑगस्टमध्ये आमच्या मंडळीतील एक वयस्कर विधवा भगिनी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि त्या एकोणीस दिवस रुग्णालयात होत्या. त्यांच्या शेजारच्या बाई, ज्या ख्रिस्ती नाहीत, रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या फाटकाशी येऊन विचारू लागल्या की यांच्याकडे तुमच्यापैकी कोणी कसे आले नाही, तेव्हा आम्हाला हे कळले. त्याच संध्याकाळी मी वर्गणीची वही उघडून पाहिली. त्या भगिनींच्या नावापुढे ऑगस्टची रक्कमही वेळेवर जमा झालेली होती, कारण त्यांच्या मुलाने परगावाहून ती दरमहा आपोआप जमा होण्याची व्यवस्था करून दिली होती.

चार वर्षांपूर्वीपर्यंत आमचे एक वडीलधारे बंधू प्रत्येक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पावतीपुस्तक घेऊन सायकलवरून घरोघर जात असत. ज्यांची ऐपत नाही त्यांना दारात उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणताना संकोच होतो, अशी तक्रार आल्यावर कमिटीने ती पद्धत बंद केली आणि चर्चच्या दाराशी क्यूआर कोड लावला. त्या ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला होता, आणि याची बोच मला आजही आहे.

क्लास मीटिंग, म्हणजे सभासदांच्या लहान गटाने आपल्या प्रमुखासह नियमित एकत्र बसणे, ही मेथडिस्ट मंडळीची जुनी रीत आहे एवढे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण आमच्याकडे ती माझ्या आठवणीत कधी भरली नाही. ती पुन्हा सुरू करावी काय, दोघेही नोकरी करणाऱ्या आणि बंद फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबांत ती कशी चालवावी, आणि घरात गेल्यावर कानावर पडलेल्या गोष्टी मंडळीत पसरू नयेत यासाठी काय काळजी घ्यावी, याविषयी अनुभवी बंधुभगिनींनी मार्गदर्शन करावे अशी नम्र विनंती आहे.

उत्तर १ (स्थानिक उपदेशक, नागपूर)

सलाम. तुमचा प्रश्न वाचताना मला राहून राहून वाटत होते की क्लास मीटिंगचा जन्मच मुळी वर्गणीतून झाला, हे तुमच्या कमिटीला आधी सांगायला हवे.

१७४२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली आणि तेथील मंडळी एकत्र बसून प्रार्थनागृहाच्या बांधकामाचे कर्ज कसे फेडावे याचा विचार करीत होते. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे एकाने सुचवले. दुसऱ्याने म्हटले की अनेकांना तेवढेही जमणार नाही. तेव्हा फॉय नावाच्या एका कप्तानाने सांगितले की सर्वांत गरीब अशी अकरा माणसे माझ्याकडे सोपवा, दर आठवड्याला मी त्यांच्याकडे जाईन, ज्यांना देता येईल ते देतील आणि ज्यांना येणार नाही त्यांच्या वाट्याचे मी भरीन. इतरांनीही अशीच अकरा-अकरा माणसे वाटून घेतली. पुढे वर्गणी गोळा करणारे हे लोक परत येऊन सांगू लागले की अमक्याच्या घरात भांडण आहे, तमका दारूच्या नादी लागला आहे. आणि वेस्लींच्या लक्षात आले की आपण जे इतके दिवस शोधत होतो ते हेच.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याचेही उत्तर त्याच अनुभवात आहे. घरोघर जाण्याची ही पद्धत जशीच्या तशी फार काळ चालली नाही. भेटींना वेळ पुरेना. कित्येक सभासद दुसऱ्यांच्या घरी चाकरीला होते आणि त्यांचे मालक कोणाला भेटू देत नसत. जेथे भेट होई तेथेही एकांतात बोलता येत नसे. आणि दोघांत गैरसमज असेल तर दोघांना समोरासमोर बसवल्याशिवाय तो मिटत नसे. म्हणून ती अकरा माणसे आणि त्यांचा प्रमुख अशा बारा जणांनी आठवड्यातून एकदा एका ठिकाणी जमावे असे ठरले. आज तुमच्याकडे कंपनीची पाळी आणि सोसायटीचे बंद फाटक आहे, त्यांच्याकडे मालकाचे दार होते. ज्यांना बाहेर पडता येते त्यांनी एकत्र जमावे आणि ज्यांना येत नाही त्यांच्याकडे जावे, असा दुहेरी मार्ग मला योग्य वाटतो.

१७४३ मध्ये वेस्लींनी जे सामान्य नियम लिहिले त्यांतील तीन मोठे नियम आपल्याला पाठ असतात: कोणाचे वाईट करू नये, होईल तितके भले करावे, आणि देवाने नेमून दिलेल्या उपासनेच्या विधींत स्थिर राहावे. त्यांच्या आधी क्लास लीडरची, म्हणजे अशा वर्गाच्या प्रमुखाची, कामे सांगितली आहेत, त्यांकडे मात्र आपले लक्ष जात नाही. आपल्या वर्गातील प्रत्येकाला आठवड्यातून एकदा तरी भेटून त्याच्या आत्म्याचे कसे चालले आहे ते विचारणे, गरज असेल तसा सल्ला, समज किंवा धीर देणे, गरिबांच्या मदतीसाठी तो स्वखुशीने देईल ते स्वीकारणे, आणि कोणी आजारी असेल तर पाळकांना कळवणे. हे शेवटचे काम तुमच्या मंडळीत त्या एकोणीस दिवसांत कोणाकडेच नव्हते, आणि याचा दोष एकट्या पाळकसाहेबांना देता येणार नाही. आपल्याकडे पाळकांच्या नेमणुका बिशप वार्षिक परिषदेत जाहीर करतात; नवे पाळक नव्वद घरे ओळखू लागतात तोवर पुष्कळदा त्यांच्या बदलीची वेळ येते. वेस्लींच्या काळीही उपदेशक फिरते असत आणि क्लास लीडर त्याच गावचा असे. मंडळीची ओळख धरून ठेवणारा माणूस तोच होता.

उत्तर २ (निवृत्त शिक्षिका, बेळगाव)

बंधूंनो, सलाम. बेळगावचे मिशन १९०४ मध्ये लंडन मिशनकडून मेथडिस्टांकडे आले आणि आमच्या घराण्याची त्यानंतरची प्रत्येक पिढी याच मंडळीत वाढली. माझी आई महिला समाजाचे काम करीत असे. आमच्या स्वयंपाकघरात जोंधळ्याच्या डब्याशेजारी एक लहान डबा असे; भाकरीसाठी पीठ काढण्याआधी आई त्यात मूठभर जोंधळा टाकी आणि महिनाअखेर तो डबा ज्या घरात चूल नीट पेटत नसे तेथे पोहोचवी. तो तिने कधीही आमच्या हाती पाठवला नाही. ती स्वतः जाई, तेथे अर्धा तास बसे, त्या घरच्या मराठीत किंवा कानडीत प्रार्थना करी आणि रिकामा डबा घेऊन परत येई.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, कारण क्लास मीटिंग मोडते ती बहुधा याच ठिकाणी. कित्येक वर्षांपूर्वी आमच्या परिसरातील एका मंडळीत एका सुनेने भेटीला आलेल्या भगिनीजवळ मन मोकळे केले, आणि पुढच्या आठवड्याच्या प्रार्थनासभेत कोणीतरी तिच्या संसारासाठी नाव घेऊन प्रार्थना केली. बोलणाऱ्याचा हेतू चांगला होता याविषयी मला शंका नाही. पण ती सून पुन्हा चर्चची पायरी चढली नाही आणि तिच्याबरोबर तिची दोन्ही मुले संडे स्कूलला मुकली. तेव्हापासून मी भेटीला जाणाऱ्या भगिनींना एकच गोष्ट बजावते: घरातून निघताना त्या घरच्या माणसालाच विचारावे की यातले पाळकांना काय सांगू आणि काय सांगू नको. आजारपण कळवायला बहुतेकांची हरकत नसते. कर्ज, नवराबायकोतील तंटा आणि मुलांचे वागणे यांविषयी मात्र परवानगीवाचून एक शब्दही बाहेर जाता कामा नये, प्रार्थनेच्या रूपानेसुद्धा नाही.

भेटीला दोघांनी जावे, आणि भगिनी एकट्या राहत असतील तर त्या दोघांत एक तरी स्त्री असावी. वेळ आधी फोनवर विचारून घ्यावी. चहाला नाही म्हणू नये, कारण गरीब घरात पाहुण्याने घेतलेला चहा हा त्या घराचा मान असतो. प्रथम त्यांचे ऐकावे, मग ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातील एखादे गीत त्यांनाच निवडू द्यावे, लहानसा शास्त्रभाग वाचावा आणि प्रार्थना करून उठावे. अनेक वृद्धांना डोळ्यांनी वाचता येत नाही, पण नारायण वामन टिळकांची पदे त्यांना तोंडपाठ असतात. टिळक आपल्या पंथाचे नव्हते, तरीही आमच्या आजारी माणसांच्या खाटेशी मी दुसऱ्या कोणाच्याही पदांपेक्षा त्यांचीच पदे अधिक वेळा गायलेली ऐकली आहेत.

उत्तर ३ (मंडळीचे खजिनदार, मुंबई)

सप्रेम सलाम. मी हिशेबाचे काम करतो, म्हणून पैशांपुरतेच लिहितो. क्यूआर कोड काढून टाकू नका. रक्कम सरळ बँकेत जाते, लेखापरीक्षण सोपे होते आणि कोणावरही संशय येत नाही, हे मंडळीच्या दृष्टीने मोठे हित आहे. शिवाय दारात उभे राहून वर्गणी मागण्यातील संकोचाची तक्रार खरीच होती. कप्तान फॉय यांनी गरिबांच्या वाट्याचे स्वतः भरण्याची तयारी दाखवली होती, हे विसरून आपण केवळ पावतीपुस्तक पुढे केले तर ती कप्तानांची रीत राहत नाही.

मी असे सुचवीन की भेटीची वही वर्गणीच्या वहीपासून पूर्ण वेगळी ठेवावी. तीत फक्त तारीख, घर, कोण गेले आणि आजारपण किंवा तातडीची गरज आहे काय, एवढेच लिहावे. रकमेचा रकानाच नसावा. कमिटीच्या प्रत्येक सभेत खजिनदाराच्या अहवालाआधी ही वही वाचली जावी. आमच्याकडे गेली तीन वर्षे हाच क्रम आहे, आणि वैद्यकीय मदतीची विनंती पूर्वी जी महिनोन्‌महिने पडून राहत असे, ती आता त्याच सभेत मंजूर होते, कारण समोर बसलेल्यांपैकी दोघांनी ते घर डोळ्यांनी पाहिलेले असते.

मुंबईतील आपल्या कामाचा आरंभही घरांतूनच झाला, याची येथे आठवण करून द्यावीशी वाटते. १८७१ मध्ये अमेरिकन मेथडिस्ट उपदेशक विल्यम टेलर मुंबईत आले तेव्हा ज्यांची मने पालटली त्यांचे त्यांनी लहान लहान गट केले आणि ते गट सभासदांच्या घरी जमत. त्यांतूनच १८७२ मध्ये मंडळी उभी राहिली. ती मंडळी बहुतांशी इंग्रजी बोलणाऱ्यांची होती. परदेशातील मिशनच्या पैशांवर न चालता तिने आपला खर्च आपणच करावा, असा टेलर यांचा आग्रह होता. त्यांना साथ देणारे आणि पुढे मेथडिस्ट झालेले अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन १८४८ पासून मुंबईत होते. मिशनचा पगार सोडून ते अगदी साध्या जागेत राहिले आणि १८८८ मध्ये याच शहरात वारले. मंडळीचा हिशेब लिहिताना मला त्यांची आठवण ठेवणे आवश्यक वाटते.

उत्तर ४ (तरुण सभासद, नोकरीनिमित्त पुण्यात)

मी भाड्याच्या खोलीत राहते आणि माझी कामाची पाळी रात्रीची असते. मागच्या वर्षी मला डेंग्यू झाला तेव्हा माझ्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर मी प्रार्थनाविनंती टाकली. पुष्कळांनी ‘आमेन’ लिहिले, आणि त्यांनी खरोखर प्रार्थना केली असेल यावर माझा विश्वास आहे. पण भाताची पेज घेऊन एकच मावशी आल्या, आणि त्या गटावर नव्हत्याच. त्यांना कोणीतरी तोंडी सांगितले होते. नव्वद घरांची यादी करताना कृपया माझ्यासारख्या एकट्या राहणाऱ्यांना अर्धे घर समजून वगळू नका. आम्हाला केवळ भेटी नकोत, भेटीला जाण्याचे कामही द्या. दुपारी बारानंतर मी मोकळी असते, आणि वृद्धांना भेटायला तीच वेळ सोयीची असते.

प्रश्नकर्त्याचे पुढील निवेदन

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे मी कमिटीपुढे वाचून दाखवली. नव्वद घरांचे आठ वर्ग करावेत, प्रत्येक वर्गाला दोन क्लास लीडर असावेत आणि त्यांत एक भगिनी असावी, क्यूआर कोड तसाच ठेवावा आणि भेटीची वही वेगळी असावी, असे ठरले. महिन्यातून एकदा वर्गाने एका घरी जमायचे आणि जे बाहेर पडू शकत नाहीत त्यांना आठवड्याला एकदा भेटायचे. दर आठवड्याची भेट निभेल काय याविषयी कमिटीत मतभेद झाले. म्हणून नाताळापूर्वीच्या ख्रिस्तागमनकाळाच्या पहिल्या रविवारापासून तीन महिने हा क्रम पाळून पाहावा आणि मग पुन्हा विचार करावा, असे ठरले आहे. एकट्या राहणाऱ्या तरुणांची वेगळी यादी तयार झाली असून त्यांच्यापैकी तिघांनी दुपारच्या भेटी स्वीकारल्या आहेत.

पहिली भेट मी आणि आमच्या महिला समाजाच्या चिटणीस भगिनी, अशी दोघांनी त्याच वृद्ध भगिनींकडे दिली. त्या आता वॉकर धरून चालतात. आम्ही उशिरा आल्याबद्दल क्षमा मागितली. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, त्यांनी उठून आमच्यासाठी चहा ठेवला. गीत झाल्यावर त्यांनी उशाचे पवित्र शास्त्र उघडले, तेव्हा त्यात स्तोत्रसंहितेच्या पानांमध्ये चार वर्षांपूर्वीपर्यंतच्या वर्गणीच्या पावत्या महिन्याच्या क्रमाने ठेवलेल्या दिसल्या. आम्ही निघताना त्यांनी विचारले, “पावतीपुस्तक आणलं नाहीत का?” वर्गणी मुलाकडून वेळेवर पोहोचते, असे मी सांगितले. “ती त्याची झाली,” त्या म्हणाल्या, आणि पदराच्या गाठीतली वीस रुपयांची नोट काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

ती नोट मी गरिबांच्या मदतीच्या खात्यात त्यांच्या नावाने जमा केली असून पुढच्या मंगळवारी पावती घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.